वास मला ठाऊक होता

“तुमच्यात घरातच चालतंय की, बाई. लेकराला काय दोष द्यायचा?”

अण्णा हसत म्हणाले. ते शाळेच्या संस्थेचे संचालक. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर अण्णा. दुसरीवर त्यांचा मोबाईल आणि गाडीची चावी. मी उभी होते. माझा मुलगा सम्यक भिंतीला टेकून उभा होता, शेजारी अण्णांचा राजवर्धन. दोघंही अकरावीला. आदल्या दिवशी दुपारी मैदानामागं एकाच बाटलीतून पिताना ते शिपायाला सापडले होते.

अण्णांचं बोलणं मला नवं नव्हतं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. असलं ऐकतच मी मोठी झाले. मला लागलं ते दुसरंच. मुख्याध्यापक सरांनी होकारार्थी मान हलवली.

याच सरांनी मला दहावीला इंग्रजी शिकवलं. स्वतःची पुस्तकं दिली. माझ्या घरात मी पहिली पदवीधर. तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले तेव्हा पेढे आधी सरांच्या घरी नेले होते. त्यांनी ते दारातच घेतले. मी ते मनाला लावून घेतलं नाही. उपकार मोठे होते.

“हे बघ,” सर म्हणाले, “राजवर्धनला समज देऊन सोडू. तू सम्यकचा दाखला काढून घे. बोभाटा नको. तुझ्याच भल्याचं सांगतोय.”

मी घरून एक वाक्य ठरवून आले होते. ‘माझं पोरगं तसलं नाही.’ जीपमध्ये बसल्यापासून ते मनात घोळवत होते. आणि ते खोटं होतं.

मला कळलं होतं. नागपंचमीच्या आधीपासून कळलं होतं. क्लासवरून आला की तो सरळ मोरीत जायचा. संध्याकाळी दात घासायचा. खिशात बडीशेप. शेजारी बसून जेवणारं पोर ताट घेऊन गच्चीवर जायला लागलं. धाकटी बहीण अंगाला झोंबली की खेकसायचा. एकदा त्याचा शर्ट भिजवताना कॉलर नाकाशी नेली आणि हात थांबला. तो वास मला कुणी शिकवायला नको होता. माझा बाप प्यायचा. ज्यांच्या रानात तो राबायचा, तेच संध्याकाळी त्याच्या हातात बाटली टेकवायचे. आणि सकाळी तेच म्हणायचे, यांचं रक्तच तसलं.

मी शर्ट पाण्यात दाबला. नवऱ्याला फोनवर सांगितलं, पोराला पित्ताचा त्रास होतोय. तो ट्रकवर असतो, महिन्यातून एकदा येतो. त्यानं विश्वास ठेवला. मी स्वतःही ठेवला. कारण माझं पोरगं पितं म्हटलं, की ते लोक आजवर जे बोलत आले ते खरं ठरणार होतं. पदवी, नोकरी, पक्कं घर, सगळं वाया. म्हणून मी बघायचंच नाही असं ठरवलं.

केबिनमध्ये सम्यकनं माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलणार हे त्याला माहीत होतं. तो त्याचीच वाट बघत होता. मला एकदम फार थकल्यासारखं झालं.

“सर, माझं पोरगं पितं,” मी म्हणाले. “मला म्हाईत हाय. त्याचं काय करायचं ते मी करीन. पण अण्णांचंबी पितं. बाटली एकच होती. दाखला देताय तर दोघांचा द्या. ठेवताय तर दोघांना ठेवा.”

अण्णांचं हसू गेलं. “लई शिकलीस म्हणायची.”

“तुला कुणी शिकवलं, विसरलीस काय गं?” सर म्हणाले.

“विसरले न्हाय, सर. तुमीच शिकवलं. म्हणून तुमालाच इचारतेय.”

सरांनी समोरचे कागद सारखे केले. मी हलले नाही. शेवटी अण्णांनी चावी उचलली आणि “ठेवा की दोघांना” म्हणून निघून गेले. न्याय वगैरे झाला नाही. त्यांचं पोर काढता येत नव्हतं, म्हणून त्याच्या आडोशाला माझं राहिलं. सर आता रस्त्यात दिसले तर दुसरीकडं बघतात. मी नमस्कार करते. शिकवलं ते शिकवलंच.

घरी आल्यावर मी सम्यकला मारलं नाही. चहा केला, समोर बसवलं. विचारलं, कधीपासून?

त्यानं कप फिरवला. मग म्हणाला, “तुला वासावरनं कळलं व्हतं ना, मम्मी? मग बोलली का न्हाईस? मला वाटलं, तुला काय वाटत न्हाय.”



“का पितूस?” मी विचारलं.

“राजवर्धनच्या शेतावर बसतो आमी. तिथं प्यायला बसलं की कुणी मला येगळं धरत न्हाय. एकाच गिलासातनं पितेत. एरवी डब्यातली भाजी बी घेत न्हाईत माझी.”

माझ्या बापाला बांधावर बाटली मिळायची. माझ्या मुलाला शेतघरात गिलास मिळतो. एवढाच काय तो पुढं गेलेला जमाना.

आता दर आठवड्याला मी त्याला एस.टी.नं धाराशिवला नेते. सरकारी दवाखान्यात एक समुपदेशक बाई आहेत, त्या त्याच्याशी एकट्याशी बोलतात. मी बाहेर बाकड्यावर बसते. मधे एकदा तो पुन्हा पिऊन आला. मी नवऱ्याला खरं सांगितलं. वस्तीतल्या बायकांनी विचारलं, तर त्यांनाही सांगितलं. शेजारची मावशी म्हणाली, “आगं, घरातलं झाकावं. त्या लोकांच्या हातात आयतं कोलीत कशाला देतीस?”

तिला वाटतं तेच मला वाटत होतं. झाकून काय झालं ते मी बघितलंय.

सम्यक सुटेल की नाही, मला माहीत नाही. तो पुन्हा प्याला, तर ‘प्यालास’ असं मी त्याच्या तोंडावर म्हणेन, त्याच दिवशी. ताट वाढेन, आणि दुसऱ्या दिवशी परत एस.टी.त बसवेन. कुणी आमच्या रक्ताकडं बोट दाखवलं, तर त्यांच्याशी मी भांडेन. ते भांडण माझं. त्यांना खोटं पाडायची जबाबदारी सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर मी ठेवणार नाही. त्यानं दारू सोडायची ती स्वतःच्या जिवासाठी.

आणि आमची लाज राखायला यापुढं मी गप्प बसणार नाही.