झोपाळ्याच्या फळीची डावखुरी गिटार

माझी बायको डावखुरी. जळगावला कॉलेजात असताना ती मैत्रिणीची उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायची. जाड तारा खाली, बारीक वर. तशीच शिकली. लग्नानंतर आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहायला आलो. मी वीज केंद्रात, ती शाळेत, आणि तिचं वाजवणं मागे पडलं ते पडलंच. गेल्या हिवाळ्यात मी ठरवलं, तिच्यासाठी डावी इलेक्ट्रिक गिटार आपणच बनवायची.

लाकूड सासऱ्यांनी दिलं. आबांची शिंदखेड्याजवळ शेती आहे. नवं घर बांधलं तेव्हा जुना झोपाळा उतरवला होता, त्याची सागवानी फळी गोठ्यात उभी होती. ती एसटीच्या टपावर टाकून आबा स्वतःच घेऊन आले आणि चार दिवस राहतो म्हणता म्हणता काम संपेपर्यंत राहिले.

कड्यांची भोकं सोडून मी मधल्या भागातून आकार कापला. दांडी तयार मागवली. मग घासकाम. पॉलिश पेपर जाडापासून बारीकपर्यंत, हाताला लाकूड काचेसारखं लागेपर्यंत. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. आबांच्याच शेतातला कापूस मलमलीत गुंडाळून बोळा केला. ऊन चढलं की लाख हाताखालीच सुकते आणि पट्टे उठतात, म्हणून हे सकाळीच करायचं. आबा आधी खुर्चीवरून बघायचे. तिसऱ्या सकाळी त्यांनी माझ्या हातातून बोळा घेतला तो परत दिलाच नाही. सागाच्या रेषा मधासारख्या उजळत गेल्या.

राहिला ब्रिज. तारांचा हा धातूचा आधार दोन खुंट्यांवर उभा असतो आणि जाड तारेच्या बाजूला जरासा मागे, म्हणजे तिरका बसवतात. तसा नसला तर सूर जुळत नाहीत. मी गिटारचा कागदी नकाशा लाकडावर ठेवला, खुणा केल्या, ड्रिल चालवलं. ब्रिज ठेवून पाहिला तर तिरकेपणा उलटा! नकाशा उजव्या हाताच्या गिटारचा होता. बाकी सगळं मी उलटवून घेतलं होतं, नेमकी ही एक रेघ विसरलो होतो.

मी व्हरांड्यात डोकं धरून बसलो.

"काबर तोंड पाडी बठना?" आबांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी भोकात करंगळी घालून पाहिली. "बुजी टाकूत. लाकूड तेच शे ना?"

उरलेल्या फळीतून त्यांनीच भोकं बुजवायला दोन लाकडी खुंट्या तासल्या. तासता तासता, मान वर न करता म्हणाले, "ही धाकली व्हती ना, जेवाले बसनी का मी तिना डावा हात धरी ठेवू. रडे बिचारी. सोडा का तोच हात पुढे करे."

आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हे मला ना तिनं सांगितलं होतं, ना त्यांनी. मी सरसाची डबी पुढे सरकवली.

खुंट्या ठोकल्या, सरस वाळू दिला, दुसऱ्या दिवशी घासून पुन्हा लाख फिरवली. नवी भोकं पाडण्याआधी मी तीनदा मापलं आणि आबांनी एकदा. ब्रिजच्या खुंट्या ज्यांत बसतात त्या पितळी बुशा, म्हणजे छोट्या नळ्या, लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच आत ठोकल्या. ब्रिज बसला, तारा चढवल्या.

बायको शाळेतून आली तशी पर्स खांद्यावर ठेवूनच गिटारपाशी उभी राहिली. ब्रिजशेजारचे दोन फिकट गोल तिला लगेच दिसले.

"हे काय झालं?"

"मन्हाच हात चुकना," मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कान पकडला. ती हसली, पण डोळे भरले होते.

मग ती वाजवायला बसली, आणि एकही सूर नीट लागेना. आता तारा डावखुऱ्यांच्या रीतीनं, जाड वर आणि बारीक खाली होत्या, तिच्या बोटांना मात्र जुनी उलटी सवय.

"तुझ्या सवयीप्रमाणे तारा आणि ब्रिज उलटवून देऊ?" मी विचारलं.

"नको. शिकते मी पहिल्यापासून."

आबांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. चहा झाला, अंधार पडायला आला, तरी ती एकच साधी सुरावट अडखळत पुन्हा पुन्हा वाजवत होती आणि आबा मान डोलवत होते.