रहाडीत हरवलेली कवळी

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग थोडी लाज वाटते. कारण त्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा माझ्याच हस्ताक्षरात होता आणि मी तो साफ विसरलो होतो.

दोन हजारचे दशक संपत आले होते. नाशिक शहरात आर्थिक गुन्ह्यांचा तपास माझ्याकडे होता. इंटरनेटवरून माल विकणाऱ्या एका कंपनीने आग्रा रोडला भलेमोठे गोदाम बांधायला घेतले होते. आमच्या हवालदारांना त्या धंद्याचे भारी कुतूहल. "साहेब, गोदाम पाहिलं, पण ह्यांचं दुकान कुठंय?" असे त्यांनी मला तीनदा विचारले. दुकान कॉम्प्युटरमध्ये असते, हे उत्तर त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

त्या कंपनीचा नियम कडक होता. बांधकामाचे काम एका मुख्य ठेकेदाराला दिलेले, पण त्याच्या हाताखालच्या प्रत्येक पोटठेकेदाराने आपला कर भरल्याचे कागद दाखवल्याशिवाय शेवटचे बिल निघायचे नाही. ते कागद तपासताना एक पोटठेकेदार अडकला. त्याच्या नावावर जेवढ्या कामाची बिले निघाली होती, त्याच्या निम्मेच काम त्याने कर खात्याला दाखवले होते. उरलेल्या बिलांवरही त्याची सही होती आणि सोबत मजुरांचे हजेरीपट जोडलेले होते. कर खात्याची नोटीस त्याला आधीच आली होती. आता कंपनीचा लेखी तक्रार अर्ज माझ्या टेबलावर आला. अटक कधी करता, असा फोन रोज सकाळी अकराला वाजायचा.

ह्या पोटठेकेदाराला सगळे नाना म्हणत. मखमलाबादकडचे फुलांची शेती करणारे घर, पण नाना काँक्रीटच्या कामात शिरला आणि गोदामाची फरशी करण्यात त्याने नाव कमावले. चाळीस माणसे त्याच्या हाताखाली होती. शेजारच्या दुसऱ्या गोदामाची फरशीही त्यालाच मिळायची होती. गुन्हा दाखल झाला असता तर ते काम गेले असते, चाळीस जण घरी बसले असते आणि नानाला जामिनासाठी वकील शोधावा लागला असता.

पन्नाशीच्या आतला, पिळदार मिशांचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला हा माणूस माझ्यासमोर बसला. बोलताना सारखा ओठ मिटून घ्यायचा.

"ह्या सह्या तुमच्याच?"

"माझ्याच साहेब."

"मग बिलंही तुमचीच."

"नाय. बिलं माझी नायत. मी कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन ठेवल्या हुत्या."

"कोऱ्या? कोणाला?"

"मोठ्या ठेकेदाराच्या अकाउंटंटला. तो म्हणायचा, नाना, तुम्ही दिवसभर साइटवर, सहीसाठी मी किती धावू? लय गोड बोलायचा साहेब. चहा पाजायचा."

असे बहाणे मी पुष्कळ ऐकले होते. सही विकून मोकळे व्हायचे आणि अंगाशी आले की कोऱ्या कागदाचे नाव पुढे करायचे. पण जबाब लिहून झाला तेव्हा एक गंमत झाली. मी वाचून दाखवणार, इतक्यात नानाने पेन उचलले आणि शेवटच्या पानावर सही ठोकून दिली.

"अहो, आधी वाचा तरी! मी काय लिहिलंय ते माहितीय का तुम्हाला?"

"तुम्ही साहेब हाय, खोटं कशाला लिहाल?"

नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. लबाड माणूस जबाबातला स्वल्पविरामसुद्धा तपासून सही करतो. न वाचता सही करणारा हा पहिलाच. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. पण अशा चुकचुकण्यावर कोर्ट चालत नाही.

खरी खबर बाहेरून आली नाही, आमच्याच खोलीत मिळाली. हवालदार हजेरीपट चाळत बसले होते. एका पानावर त्यांचे बोट थांबले.

"साहेब, ह्या तारखेला चाळीसच्या चाळीस हजर? पूर्ण दिवस?"

"मग?"

"अहो, रंगपंचमी होती ती! आणि हे बघा, चार दिवस आधी धुळवडीला सगळ्यांना सुट्टी. नाशकात असं कुठं असतं का?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. होळीच्या दुसऱ्या दिवशी बाकी मुलूख रंगात न्हातो, आमच्याकडे मात्र रंग खेळायचा तो रंगपंचमीला. जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी आहेत, म्हणजे जमिनीत बांधलेले दगडी हौद. वर्षभर ते बुजवलेले असतात. रंगपंचमीला उघडून फुलांच्या उकळलेल्या रंगाने भरतात आणि माणसे वरून त्यात उडी घेतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. त्या दिवशी नाशिकच्या मजुराला सोन्याची वीट दिली तरी तो काँक्रीट ओतायला यायचा नाही.

मी नानाला पुन्हा बोलावले. "रंगपंचमीला तुम्ही साइटवर होतात?"

"नाय साहेब."

"मग कुठे होतात?"

नानाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हात तोंडावर गेला.

"हुतो... इकडंच कुठंतरी."

"कोणी पाहिलं तुम्हाला?"

नानाने पुन्हा ओठ मिटून घेतले. बाकी सगळ्या प्रश्नांना धडाधड उत्तरे देणारा माणूस ह्याच एका तारखेला अडत होता. मला वाटले, आपण चुकलो, हा काहीतरी मोठे लपवतोय. मी आवाज चढवला.

तेवढ्यात दारातून दुसरा आवाज चढला. नानाची बायको डबा घेऊन आली होती आणि बाकावर बसून सगळे ऐकत होती.

"सांगा की! आता काय तुरुंगात जाऊन सांगणार हाय?"

"तू गप बस!"

"नाय बसणार. साहेब, ह्यांचे वरचे दात खोटे हायेत. कवळी हाय. रंगपंचमीला धप्पा मारला आन् कवळी गेली रहाडीत! पंचवटीच्या पोलिसात जाऊन लिहून दिलंय. लाजंपायी बोलत नायत. भावकीत कुणाला म्हाईत नाय ना!"

हवालदार तोंड फिरवून खोकू लागले. मी मात्र खुर्चीतून उठलोच. त्या वर्षी रंगपंचमीला मी पंचवटी पोलीस ठाण्यात बंदोबस्ताच्या ड्युटीवर होतो! भर दुपारी टेबलासमोर एक माणूस आला होता. डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक, मिशा चिकटलेल्या, तोंडाचे बोळके. "थायेब, माझी कवळी..." एवढेच त्याला बोलता येत होते. सगळे ठाणे हसले होते. त्याचे मन राखायला मी रीतसर नोंद केली होती आणि खाली त्याची सही घेतली होती. सहा महिन्यांनी तोच माणूस पांढऱ्या शर्टात, दातांसकट समोर बसला आणि आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखले नाही.

"नाना, ते तुम्ही?"

"साहेब, ते तुम्ही?"

पंचवटीहून नोंदीची प्रत मागवली. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. हजेरीपटाप्रमाणे त्या वेळी नाना साइटवर चाळीस माणसांकडून फरशी ओतून घेत होता.

अकाउंटंटला चौकशीला बोलावले. परगावचा माणूस, वर्षभरापूर्वीच नाशकात आलेला. मी सहज विचारले, "होळीला कुठे होतात?"

"गावी गेलो होतो सर. आठवडाभर रजा होती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी रंग असतो ना."

"आणि रंगपंचमीला साइट चालू होती?"

"हो सर, जोरात."

मी नोंदीची प्रत त्याच्यापुढे सरकवली. त्याने वाचली. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग पाणी मागितले. आपल्या गावचा सण त्याने नाशिकच्या हजेरीपटात लिहून ठेवला होता. पुढचे सोपे होते. उरलेल्या बिलांचे पैसे ज्या दुसऱ्या खात्यात गेले होते, ते उघडल्याचा अर्ज बँकेकडून मागवला. नानाच्या फर्मच्या नावाने उघडलेल्या त्या दुसऱ्या खात्यावर फोटो होता तो अकाउंटंटच्या मेहुण्याचा.

कंपनीने तक्रारीतून नानाचे नाव लेखी काढले. कर खात्याची नोटीस मागे घेतली गेली. दुसऱ्या गोदामाची फरशी नानालाच मिळाली. ज्या दिवशी त्या कामाचा हुकूम हातात आला त्या दिवशी तो झेंडूच्या दोन पाट्या घेऊन ठाण्यात आला आणि आमच्या लॉकअपच्या दारालासुद्धा तोरण लागले. इतका आनंद त्या इमारतीने क्वचितच पाहिला असेल.

ह्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. गप्प बसलेला माणूस गुन्हाच लपवत असतो असे नाही. कधी तो फक्त आपली लाज झाकत असतो, आणि तिच्यासाठी तुरुंगातही जायला तयार असतो. त्यानंतर कोणी गप्प बसले की मी आवाज चढवण्याआधी चहा मागवू लागलो.

पुढच्या रंगपंचमीला मी साध्या कपड्यांत रहाडीवर गेलो. नाना कठड्यावर उभा होता. मला पाहताच खाली उतरला, सगळ्या भावकीसमोर खुशाल कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"थायेब, मुद्देमाल थांभाळा. आन् पावती द्या."

मी खिशातल्या डायरीचे पान फाडून लिहिले : एक कवळी, वरची, सुस्थितीत, मिळाली. खाली सही केली. नानाने पान डोळ्यांजवळ धरले. मागे पोरे ओरडत होती, रंग उडत होता, पण त्याने ओठ हलवत शब्दन्‌शब्द वाचला, पान घडी घालून बायकोकडे दिले, आणि मगच धप्पा मारला.