दुकानाच्या पायरीवरचा युरेनस

"बघू नकोस तिकडे. लिंबू आहे तिच्या हातात."

एका बाईने आपल्या मुलीला असं बजावलं आणि दोघी घाईघाईने रस्ता ओलांडून गेल्या. 'ती' म्हणजे मी. आणि लिंबू म्हणजे युरेनस.

दोष सगळा स्केलचा. माझे पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाले. खोटं बोललेलं ते एक वेळ माफ करतील, स्केल चुकलेलं ड्रॉइंग नाही! माझी भाची सान्वी शाळेच्या प्रोजेक्टची थर्माकोलची सूर्यमाला घेऊन आली (सगळे ग्रह शेजारी शेजारी, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे), तेव्हा ते हादरलेच.

"याला स्केल काय?"

"आजोबा, टीचरनी फक्त कलर करायला सांगितलंय. उद्या द्यायचंय."

"असलं खोटं ड्रॉइंग माझ्या घरातून जाणार नाही!"

थर्माकोलचा चुरा झाला, सान्वीने भोकाड पसरलं, आणि त्याच रविवारी दुपारी आमची सूर्यमाला रस्त्यावर आली.

बिल्डिंगच्या गेटवर सूर्य, म्हणजे मीटरभर रुंद पिवळी छत्री. त्या मापाने पृथ्वी म्हणजे शंभरेक मीटरवर एक हरभरा, आणि तिच्यापासून वीतभराहून जरा लांब चंद्र, मोहरीचा दाणा. गुरू साडेपाचशे मीटरवर, नारळाएवढा, भाऊजींच्या हातात. (त्यांना येणारेजाणारे नमस्कार करत होते.) नेपच्यून बरोब्बर उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, आत्याच्या गॅलरीत पडला. आत्या चहा पीत पीत ग्रह झाली. बाकीचे आई आणि ताईने वाटून घेतले. मी युरेनस, दोन किलोमीटरवर. पप्पा सान्वीला स्कूटरवर घेऊन प्रत्येकाचा जागेवर फोटो काढणार, तेच प्रोजेक्ट.

मला वाटलं, ग्रहाचं काम आपल्याला जमेल. बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मी आयुष्यभर तेच करत आलेय! शाळेत युरेनसवर इंग्रजीत पानभर निबंधही लिहिला होता: तो आडवा पडून फिरतो, सूर्याभोवतीची एक फेरी चौऱ्याऐंशी वर्षांची, वगैरे. पण पप्पांनी नकाशावर सरळ रेघ मारली होती आणि माझा ग्रह नेमका एका नव्याकोऱ्या मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर आला होता.

आतून सिंधी अंकल बाहेर आले. आधी लिंबू बघितलं, मग मला.

"बेटी, किसने भेजा?"

"पप्पा ने."

"कौन पप्पा? वो सामनेवाला दुकानदार?"

चार माणसं जमली. मी पप्पांना फोन लावला.

"पप्पा, चार पावलं बाजूला सरकू का?"

"चार पावलं? चाळीस लाख किलोमीटर होतात, बाळा! हलायचं नाही."

"लोकांना वाटतंय मी करणी करतेय."

"अंधश्रद्धा! समजावून सांग त्यांना. तू इंग्लिश मीडियमची ना?" फोन बंद.

"अंकल," मी कसंबसं म्हणाले, "ये युरेनस है."

"नया मॉडेल है क्या?"

मी लिंबू पायरीवर ठेवायला वाकले. "रखना मत!" अंकल किंचाळले. फेकायला हात उचलला तर जमलेली चारही माणसं खाली बसली. पर्समध्ये टाकू लागले तर मागून आवाज आला, "छुपा रही है, देखो!" आणि अंकलचे डोळे चक्क भरून आले. "पहला हफ्ता है दुकान का, बेटी. मैंने तेरा क्या बिगाडा?"

आता त्या लिंबात काही नाही हे सिद्ध करायचा एकच मार्ग उरला होता. शेजारी सोड्याची गाडी होती. मी तिकडे वळले तशी गर्दी आपोआप दुभंगली.

"भैया, एक सोडा. नींबू ये डालो."

भैयाने अंकलकडे पाहिलं. अंकलनी देवाकडे. मग लिंबू कापलं गेलं, पिळलं गेलं, आणि मी सगळ्यांसमोर अख्खा ग्लास रिकामा केला. मला काही झालं नाही. दुकानालाही नाही. "अरे, पहले बोलना था ना!" म्हणत अंकलनी मला बसायला स्टूल दिलं.

तेवढ्यात स्कूटर आली. मागे सान्वी, मांडीवर वही, सहा ग्रहांपुढे टिकमार्क. पप्पांनी हेल्मेट काढलं, मोबाईल माझ्यावर रोखला आणि माझे रिकामे हात बघून थबकले.

"युरेनस कुठाय?"

इतक्या लोकांसमोर मोठ्याने बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

"प्यायले, पप्पा. मसाला मारून."