रेहाना आपांचा व्यायाम

शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभं करत होतो, तेवढ्यात आपांच्या मुलीचा, सनाचा फोन आला. "दादा, अम्मी गेली... तुम्ही या," एवढंच ती बोलली. फोन ठेवायचंही तिला सुचलं नाही, मागून बायकांचे आवाज येत राहिले. मी मुलांना वर्गात पाठवलं आणि गाडी काढली. पडेगावला पोचेपर्यंत डोक्यात एकच वेडगळ विचार होता, की आज संध्याकाळी तर आपांकडं माझी पाळी होती. त्याला आता दीड महिना झाला. आपा गेल्या हे मला समजतं, पण शेवटच्या वर्षात आम्ही त्यांच्याशी जे वागलो ते अजून पचलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

रेहाना आपा फिजिओथेरपिस्ट होत्या. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना. मी पिशोरचा, कबड्डी खेळणारा; सगळी अक्कल गुडघ्यात होती आणि नेमका तोच गुडघा गेला. चढाईला गेलो असताना एकानं घोटा धरला, दुसरा अंगावर पडला आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. गावात एका जाणत्यानं तेल लावून पाय असा काही ओढला, की सकाळी गुडघ्याचा भोपळा झालेला. मग शहरात ऑपरेशन झालं, आतला तुटलेला लिगामेंट नवा बसवला आणि डॉक्टरांनी मला आपांकडं धाडलं. मला वाटलं, मशीन लावून गप पडून राहायचं असेल. आपांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली आणि म्हणाल्या, "दाब खाली." मी दाबलं. काहीच हललं नाही... मांडी माझीच, पण माझं ऐकेना. बावीस वर्षांचा गडी मी, ढसाढसा रडलो. आपा हलल्या नाहीत. "रड बेटा, पन दाबत दाबत रड. आन् मोजायचं तू. मोठ्यानं."

त्यांची रीतच तशी होती. मोजणी पेशंटनं करायची. दहा झाले की आपा बोट वर करायच्या, "आता एक माझा," आणि तो अकरावा त्यांच्यासाठी करावाच लागायचा. दुसरी रीत अशी, की जो महिनाभर पुढं गेलाय त्यानं नव्या माणसाचा पाय धरायचा. "दुखतं कुठं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठावं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं मी चितेगावच्या संदीपचा खांदा धरला, संदीपनं आणखी कुणाचा घोटा धरला, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या कण्हण्यातून ओळखीचे झालो. नऊ महिन्यांनी मी पुन्हा मैदानात उतरलो तेव्हा आपा पिशोरला आल्या होत्या. कडेला खुर्ची टाकून बसल्या आणि माझ्या प्रत्येक चढाईला दुपट्टा तोंडावर घेतला. सामना कोण जिंकलं हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून बाटलीचं झाकण फिरेना. मग दुपट्टा सावरता येईना. आयुष्यभर लोकांच्या मनगटातला जोर तपासलेली बाई, त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं असणार. डॉक्टरांनी निदान सांगितलं: स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात, आणि हे थांबवील असं औषध नाही. आम्ही जुने पेशंट जमलो. औषध नाही, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. खेळणाऱ्या माणसाला एकच इलाज ठाऊक असतो. पाय चालत नाही, तर अजून चालवा. आम्ही पाळ्या लावल्या. रोज संध्याकाळी पाच वाजता.

मी त्यांची टाच तळहातावर घ्यायचो आणि म्हणायचो, "आपा, मोजा." त्या मोजायच्या. सहाव्या-सातव्यालाच कपाळावर घाम यायचा. दहा झाले की मी हसत बोट वर करायचो, "आता एक माझा." आणि त्या करायच्या. डोळे मिटून, ओठ चावून, पण करायच्या. आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदा व्यायाम संपल्यावर सनानं त्यांच्या हातात चमचा दिला, तो गळून पडला. आपा माझ्याकडं बघून हसल्या, "आज लई झालं रे." मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. घरी जाताना मी संदीपला फोन करून सांगितलं, की आज आपांनी दोन्ही पायांचे अकरा-अकरा केले!

पुढच्या तपासणीला मी बाहेर थांबलो होतो; आत डॉक्टरांनी सनाला विचारलं, रोज काय काय करता. तिनं सांगितलं. ते बाहेर येऊन माझ्यावर चिडले. ही खेळातली इजा नाही, म्हणाले. हे स्नायू असे थकवले तर भरून येत नाहीत, हळूच हलवा, जोर लावू देऊ नका. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. घरी आल्यावर आपांना विचारलं, "आपा, तुमाला ठावं नव्हतं व्हय हे?" त्यांनी खिडकीकडं मान वळवली. "आधी चाय पी," म्हणाल्या. त्यानंतर मोजणी बंद झाली. आम्ही येऊन नुसते त्यांचे हात-पाय अलगद हलवायचो. महिन्यागणिक आपा कमी होत गेल्या, आधी उठणं, मग बसणं, मग बोलणं... आणि आम्ही धट्टेकट्टे लोक पलंगाभोवती नुसते उभे. इतकं निकामी मला मोडक्या गुडघ्यानंसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआला गेलो होतो. लोक गेल्यावर सनानं चहा आणून दिला आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमची मोजणी चालायची तवा अम्मी दुपारी जेवायची नाय, दादा. मी भरवते म्हटलं तरी नको. चावायला बी दम लागायचा ना तिला. मान उचलायची नाय, पाणी बी नको म्हणायची. म्हणायची, पाच वाजता पोरं येतील, त्यांच्यापुरता जोर राहू दे अंगात."

"मग आम्हाला सांगितलं का नाहीस गं?"

"कसम घातली व्हती तिनं."

चहा तसाच ठेवून बाहेर आलो, गाडीवर बसलो आणि किक मारली. उजवाच पाय तो, आपांनी उभा केलेला. एका किकेत गाडी सुरू झाली. मी ती बंद केली आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो.