कवडूनं ओळखलेला आवाज

माणसानं आयुष्यात एकदा तरी वेळ बघून खोटं बोलावं, असं मी कवडूला त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. तो जाऊन आता काही वर्षं झाली, तरी माझं मत तेच आहे. लोक त्याला सत्यवादी म्हणतात. म्हणोत बापडे. दिल्लीतल्या त्या खोलीत त्यांना बसावं लागलं नव्हतं. मला लागलं होतं.

कवडू रामटेके मूळचा साकोलीकडचा. भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा पोट भरायला आला. आधी माती वाहिली, मग खलाशी, म्हणजे क्रेनच्या साखळ्या बांधणारा मदतनीस झाला आणि शेवटी क्रेन ऑपरेटर. वितळलेल्या पोलादानं काठोकाठ भरलेलं भांडं उचलायचं, खालच्या माणसांच्या डोक्यावरून न्यायचं आणि ठरल्या जागी रितं करायचं, हे त्याचं काम. वर डबीएवढ्या केबिनमध्ये तो एकटा भाजून निघायचा. मी त्याच कारखान्याच्या अकाउंट्समध्ये कारकून. जन्मभर पंख्याखाली बसलो, म्हणून तो मला ‘थंडे बाबू’ म्हणायचा. रिटायर झाल्यावर आम्ही भिलाईतच, कोहक्यात शेजारी शेजारी घरं बांधली. मी कुणबी, तो बौद्ध. माझ्या दोन-तीन नातेवाइकांना हा शेजार खटकला. त्यांना मी चहाला बोलावणं बंद केलं.

कवडू आणि भीमाबाईला एकच मुलगा, देवानंद. पोरगा हुशार निघाला. सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकला आणि एका खासगी कंपनीच्या जेटवर को-पायलट म्हणून लागला. शेठ आणि त्याच्या साहेबांची ने-आण करणारं छोटं विमान, रायपूरहून उडायचं. कोहक्यात लोक कौतुकानं म्हणायचे, बाप क्रेनवर अन् पोरगा ढगावर. माझ्या जुन्या ऑफिसातली मंडळी वेगळं बोलायची: “कोट्याचा पायलट आहे, आपण नाही बसणार बुवा त्या विमानात.” यांना बसायला कोणी बोलावलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

देवानंद सुट्टीवर आला की अंगणात खाट टाकून आम्हाला विमान शिकवायचा. हातात वही नाही, चित्र नाही, तळहात तिरपा करून सगळं दाखवायचा. वर चढताना ऑटोपायलटला कसं चढायचं ते सांगावं लागतं, हे मला त्यानंच सांगितलं. मुख्य दोन तऱ्हा. एक म्हणजे वेग बांधून द्यायचा: याच वेगानं चल आणि जमेल तेवढं चढ. वर हवा विरळ होते, इंजिनाचा दम कमी पडतो, मग विमान हळू चढतं, पण वेग सोडत नाही. दुसरी म्हणजे चढण बांधून द्यायची: दर मिनिटाला इतके फूट म्हणजे इतके फूट. याला व्हर्टिकल स्पीड म्हणायचं. यात दम संपला तरी विमान तेवढं चढायलाच बघतं. नाक उचलत जातं आणि वेग खात जातं. वेग फारच उतरला, की पंख हवा धरत नाहीत आणि विमान कोसळतं.

“मंग थे दुसरं ठेवलंच कावून?” कवडूनं विचारलं.

“स्मूद चढते न बाबा. पहिल्यात हवा हलली का नाक वर-खाली करत रायते. दुसऱ्यात शेठजीच्या कपातला चाय बी हलत नाही. परवा म्हने, रामटेके, तुम बढिया चलाते हो.” पोरगं खुलून सांगत होतं. “खाली काही प्रॉब्लेम नाही त्याचा. फक्त वर गेल्यावर बदलाव लागते. आमचे कॅप्टन साहेब तं वर लावूच नाही देत.”

“म्हंजे आमच्या शिफ्टचं टनेज,” कवडू म्हणाला. “मशीन मरो का मानूस मरो, आकडा निघाला पायजे.”

हे कॅप्टन साहेब म्हणजे शामसुंदर देशकर, नागपूरचे. शांत माणूस. पोराला हाताखाली घेऊन शिकवायचे, अर्धी उड्डाणं त्यालाच करू द्यायचे. देवानंद त्यांच्याविषयी बोलताना आवाज खाली आणायचा, इतका मान.

मे महिन्यात ते विमान रायपूरहून दिल्लीला निघालं आणि कवर्ध्याच्या पुढे जंगलात पडलं. आत पाच जण होते, पाचही गेले. देवानंदची पेटी घरी आली, ती भीमाबाईला उघडू दिली नाही. ती पेटीवर हात फिरवत राहिली आणि कोणीतरी तिचे हात धरून तिला बाजूला केलं. ते करणाऱ्याचा मला आजही राग येतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

चौकशी बसली. विमान कशामुळे पडलं हे लवकरच कळलं: उंचावर गेल्यावरही ऑटोपायलट व्हर्टिकल स्पीडवरच होता, वेग उतरत गेला, आणि तो त्यावरून कोणी वेळेत काढला नाही. प्रश्न उरला तो एवढाच, की दोघांपैकी कोणी काढू दिला नाही. विमानातल्या बोलण्याची टेप सापडली होती, पण शेवटचा थोडासा तुकडाच नीट ऐकू येत होता. आवाज दोन, दोन्ही एकाच माइकवर, घरघरीत. दोघांचीही हिंदी आपल्या नागपुरी वळणाची. कॅप्टनची बायको कमलिनीबाई म्हणत होती, ‘काढ’ म्हणून बजावणारा आवाज माझ्या नवऱ्याचा. कंपनीचा मॅनेजर म्हणत होता, अजिबात नाही, तो को-पायलटचा; नवख्याच्या हाती विमान होतं असं ठरणं कंपनीला परवडणारं नव्हतं. म्हणून कवडूला दिल्लीला बोलावणं आलं. इंग्रजीच्या आधाराला म्हणून मी सोबत गेलो.

दुर्गला गाडीत बसल्यापासून मी त्याला पढवत होतो. “बजावतो आहे तो देवानंद, एवढंच सांग. मॅनेजरही तेच म्हणतो आहे. कोणाला कळणार आहे?” देवानंद निर्दोष ठरला असता तर त्या कोटा-कोटा करणाऱ्यांची तोंडं कायमची बंद झाली असती. मला ती तोंडं बंद झालेली बघायची होती, हे मी लपवत नाही.

“पयले ऐकू तं द्या, बाबारावजी,” कवडू म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

खोलीत लांब टेबल होतं. साहेब सभ्य होते, कवडूला पाणी दिलं, हिंदीत सगळं समजावलं. समोर कमलिनीबाई बसली होती, पांढरी पडलेली. टेप लावली.

“स्पीड गिर रही है. निकालो इसे.”

“हो जाएगा. बस, दो हज़ार फुट बाकी है.” आणि त्याच्या पाठोपाठ नाकातून हसल्याचा आवाज.

“निकालो!”

मग भोंगा, मग भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज, आणि टेप थांबवली.

मॅनेजर लगेच म्हणाला, “हसणारा कॅप्टनच, साहेब. ज्युनिअर माणूस अशा वेळी हसेल कशाला? त्याची तर हवा टाइट झाली असेल.” टेबलावरच्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. माझा जीव भांड्यात पडला. आता कवडूनं नुसती मान हलवली असती तरी भागत होतं.

कवडूनं टेप पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. त्यानं पाय काढून घेतला.

“हँसने वाला मेरा लड़का है, साहब,” तो म्हणाला.

साहेबांनी विचारलं, खात्री आहे का. कवडू त्यांना सांगू लागला, की हा पोरगा लहानपणापासून भ्यायला की असाच हसतो. मास्तरनं छडी उगारली की हसायचा आणि हसला म्हणून आणखी मार खायचा. दवाखान्यात सुई टोचताना हसायचा. एकदा कसल्याशा चौकशीला पोलीस दारात आले, तेव्हाही हसला होता. हे सांगताना कवडूचा आवाज जराही हलला नाही. मॅनेजर कागदात बघू लागला. कमलिनीबाई तोंडावर पदर धरून हुंदके देऊ लागली.

बाहेर व्हरांड्यात ती कवडूच्या पुढे हात जोडून उभी राहिली. “तुमचे उपकार झाले हो माझ्या लेकरांवर,” म्हणाली.

“उपकार नका म्हनू, बाई,” कवडू म्हणाला. “मले ऐकवत नाही.” आणि तो भिंतीकडे वळला.

स्टेशनवर मी त्याला फाडून खाल्लं. मेलेल्या पोराचं नाव बापानंच बुडवलं म्हणालो. सत्याचा मोठा पुतळा लागून गेलास म्हणालो. वाईटसाईट बरंच बोललो आणि त्यातलं अर्धं मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं.

“सत्य-बित्य मले नाही समजत, बाबारावजी,” तो म्हणाला. “माहा पोट्टा तिथं भेऊन हासून रायला होता. अन् मी म्हनू, हा माहा नाही? पेटी उघडू नाही देल्ली. माह्यापाशी त्याचा तेवढाच आवाज रायला न.”

मी जाऊन दोन चहा आणले आणि एक त्याच्या हातात दिला.

पुढं जे व्हायचं ते झालं. पेपरात आलं, को-पायलटच्या पित्यानेच दिली कबुली. माझ्या जुन्या ऑफिसात कोणीतरी ते कात्रण नोटीस बोर्डावर लावलं. मी जाऊन फाडलं तर म्हणाले, बाबारावजी, तुम्हाला का झोंबतंय. कवडूच्या समाजातले लोक तर त्याहून दुखावले. त्यांनी विहारात देवानंदच्या नावानं वाचनालय काढायचं ठरवलं होतं. पाटी रंगवून तयार होती. तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. दर पौर्णिमेला कवडू विहारात जायचा, मागच्या रांगेत बसायचा. त्याच्याशी फारसं कोणी बोलायचं नाही आणि तोही उठून जायचा नाही. मी एकदा त्याला म्हणालो, कशाला जातोस अपमान करून घ्यायला? म्हणाला, “त्यायचं बी चुकलं नाही. पोट्टा त्यायचा बी होता.” छातीच्या दुखण्यानं तो गेला तेव्हा मात्र सगळे आले, अगदी ते कात्रण लावणाराही. मी त्याला हार घालू दिला नाही.

पण मला नेहमी आठवतो तो दिल्लीहून परत आल्याचा दिवस. दुपारची वेळ होती. भीमाबाई अंगणात गहू निवडत बसली होती. आम्हाला बघून उठली. चूक कोणाची ठरली, साहेब काय म्हणाले, यातलं काहीएक तिनं विचारलं नाही.

“आवाज ऐकला का पोट्ट्याचा?” एवढंच म्हणाली.

“ऐकला,” कवडू म्हणाला.

“भेला होता का थो?”

मी कवडूकडे बघितलं. मनात म्हटलं, अरे बाबा, इथं तरी. इथं कोणी साहेब नाही, टेप नाही, कमलिनीबाईची लेकरं नाहीत. इथं एक शब्द खोटा बोललास तर कोणाचं काही जाणार नाही. कवडूनं पिशवी खाली ठेवली.

“हासला,” तो म्हणाला.

भीमाबाईच्या हातातलं सूप कलंडलं आणि गहू अंगणभर झाले.

“लय भेला मंग,” ती म्हणाली.

कवडूनं मान हलवली आणि चपलाही न काढता तिच्याजवळ खाली बसला.