गार इंजिनाची थरथर

थंडीच्या पहाटे गार पडलेलं इंजीन सुरू झालं, की आधी एक खोल खाकरा येतो, मग पेट्रोलचा तो ओलसर, उग्र दर्प, आणि मग सुरू होते थरथर! ज्यांनी ती अनुभवली नाही त्यांना काय सांगावं? बॉनेट थरथरे, काचा थरथरत, मागच्या सीटवरचा जेवणाचा डबा खडखडे, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले आमचे बाबा, वर्ध्याच्या एका कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, असे काही कंप पावत, की त्यांचा चष्मा हळूहळू नाकाच्या शेंड्याकडे प्रस्थान ठेवी. आजही डिसेंबरात कुठे जुनी गाडी खोकली, की माझं मन वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे गावातल्या आमच्या अंगणात जाऊन उभं राहतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी कॉलेजात होते, आणि गाडी माझ्याहूनही वयस्कर असावी. तिचा मूळ रंग कोणता, यावर घरात तीव्र मतभेद होते. गाडी बाबांची, असं जग समजे. खरी ती आईची होती. आईचे वडील, आमचे आबाजी, देवळीच्या पलीकडच्या खेड्यात एकटे राहत. डोळ्यांना दिसेनासं झालेलं, चूल पेटवताना हात भाजून घेत, पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा त्यांचा नेम, आणि तो ब्रह्मदेवाच्या बापालाही मोडता आला नसता. एसटी देवळीला सोडी. पुढे काळ्या मातीची कच्ची वाट. गाडी आली आणि आईला रविवार मिळाला! तुरीच्या सोल्यांची भाजी, भाकरी असा डबा घेऊन ती पहाटेच मागच्या सीटवर जाऊन बसे, आणि त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे तेज असे, ते लक्ष्मीपूजनालाही दिसत नसे.

आईच्या माहेरी दसऱ्याला जे जे हलतं त्याला लाल दोरा बांधायची रीत. नांगराला, तिफणीला, विहिरीवर मोटर आली तर मोटरला. जे हलतं तेच मोडतं, म्हणून त्याला राखायचं, असा साधा हिशेब. बाबांना हे थोतांड वाटे. त्यामुळे ते सोनं द्यायला घराबाहेर पडले की गाडीची पूजा उरकायची, आणि परत आल्यावर बॉनेटवरची हळदकुंकवाची बोटं त्यांनी न पाहिल्यासारखी करायची, हाही आमच्या घरचा एक विधीच होता. त्या दसऱ्यालाही तो यथासांग पार पडला.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि गाडीला कंप सुटला. या व्याधीचं लक्षण मोठं विलक्षण! इंजीन गार असताना अंगात आल्यासारखं करायचं, मध्येच बंद पडायचं. एकदा ते तापलं, की अशी शहाणी, सालस, सुशील गाडी उभ्या जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. स्टेशनाकडच्या मिस्त्रीकडे न्यावी, तर तिथे पोचेपर्यंत ती तापलेली. मिस्त्री कान लावून ऐके आणि म्हणे, "सर, काऊन त्रास करून राह्यले? काईच तर नाई झालं हिले." दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवताच ज्यांचा ताप उतरतो, अशी माणसं मी पाहिली आहेत, पण गाडीनेही तसं करावं?

मग बाबांनी शास्त्र हाती घेतलं. प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटरची नळी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. जेवताना आमटी गार होईपर्यंत ते आम्हांला समजावत, की गार इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते, म्हणून चोकची खुंटी ओढून हवेची झडप मिटायची असते. ती खुंटी ते रोज पहाटे निष्ठेनं ओढत, आणि ती निष्ठेनं बाहेरही येई. मग तिच्यावर संशय कोण घेणार? शेजारचे वानखडेकाका तोंडात दातुन धरून कुंपणाशी येत आणि विचारत, "सर, दळण घेऊन येऊ काय?" बाबांना ते फार लागे. आईचं निदान वेगळंच होतं. "पूजेत काही चुकलं असन," ती म्हणे, आणि बाबा कपाळाला हात लावत.

आणि मग तो रविवार उजाडला. देवळीच्या रस्त्याला लागण्याआधीच गाडी बंद पडली, ती दुपारपर्यंत हललीच नाही. आम्ही ढकलत परत आलो. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की आबाजी दिवसभर ओट्यावर बसून होते. पोरगी डबा घेऊन येते म्हणून कोणाच्या घरचं जेवले नाहीत.  रात्री बाबा एवढंच म्हणाले, की गाडी विकतो; जिच्या भरवशावर म्हातारा उपाशी राहतो ती गाडी काय कामाची? मी चांगली भांडले, आदळआपट केली. आईनं मात्र रविवारचा डबा घासून फळीवर पालथा घातला, आणि तेच मला सहन होईना.

पुलगावचे एक गृहस्थ भाड्याच्या गाड्या चालवत. ते पुढच्या रविवारी सकाळी गाडी पाहायला यायचे ठरले. वानखडेकाकांनी कुंपणावरून युक्ती सांगितली, की ते यायच्या आधी गाडी तापवून ठेवा, कोणाच्या बापाले समजन? बाबा ताडकन म्हणाले, "गारच दाखवीन. रोग लपवून रोगी विकणारा मी नव्हे."

त्या रविवारी पहाटे आईनं मला उठवलं आणि बॉनेट उचलून धरायला सांगितलं. "आपला दोरा दुसऱ्याच्या घरी जाऊ द्याचा नाई, पोरी," ती म्हणाली आणि आत वाकली. कार्बोरेटरच्या अंगाला एक इवलीशी दांडी होती, आणि तिला बांधलेला दोरा तेलाने इतका काळा झाला होता, की तोही यंत्राचाच अवयव वाटावा! गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा आईनं सरळ दातांनी सोडवली. डोळे भरलेले, पण हुंदका नाही. मला तिचं रडू तेवढं दिसलं. दांडी कशाची, हे मी कशाला पाहते?

पुलगावकर आले. बाबांनी त्यांना बजावलं, की गाडी थरथरेल, बंद पडेल, मग म्हणू नका सांगितलं नाही. खुंटी ओढली, किल्ली फिरवली. आणि काय सांगू! एक खाकरा, आणि मग असा संथ, एकसुरी, तृप्त घरघराट, की सीटवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. "सर, मशीन तर एकदम मक्खन आहे! सौदा पक्का," पुलगावकर म्हणाले. बाबांना आनंद व्हावा की नाही? छे! त्यांचा अपमान झाला होता. "थांबा हो, आत्ता थरथरेल!" ते बॉनेटवर थापा मारत ओरडत होते, गाडी बिघडलेली आहे हे गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी जिवाचं रान करत होते. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. गाडी नीट चालताना ऐकून तिचा चेहरा पार उतरला होता, आणि तिच्या ओठांवर तेलाची काळीभोर मिशी उमटली होती.

बाबा बघतच राहिले. "तोंडाला काय लागलं?"

"दोरा सोडला," आई म्हणाली. "मीच बांधला होता दसऱ्याले. ते दांडी लई लटलट करत होती. म्हटलं, तुटून पडन." आणि तिनं मूठ उघडली.

बाबांनी बॉनेट उघडलं. दांडी बोटानं हलवली; झडप मिटली, उघडली. दसऱ्यापासून खुंटी येत होती ती नुसती तार ताणून. झडप आईनं घट्ट बांधून उघडी ठेवली होती, मोडू नये म्हणून! सगळं शास्त्र, सगळे प्लग, गार झालेल्या सगळ्या आमट्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात. ते हसू लागले, आणि असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"गाडी विकायची नाही," ते पुलगावकरांना म्हणाले.

"काऊन सर? आता तर चांगली झाली!"

"म्हणूनच."

पुलगावकरांनी चहा संपवला आणि ते हताशपणे निघून गेले. आई पदरानं तोंड पुसत होती आणि ते अधिकच काळं होत होतं. आता मात्र ती घळाघळा रडत होती. बाबांनी तिच्या हातातला दोरा घेतला आणि गाडीच्या मागच्या दाराच्या मुठीला, ती बसे त्या बाजूला, स्वतः बांधला. "हेही हलतंच की," असं काहीतरी पुटपुटले. मग दोघं डबा घेऊन देवळीच्या वाटेला लागली.

आबाजी त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. ते गेल्यावरच्या पहिल्या रविवारी पहाटे मला जाग आली ती त्याच खाकऱ्यानं. बाहेर येऊन पाहिलं, तर बाबा गाडीत बसलेले, इंजीन संथ घरघरत होतं, आणि अंगणात आई उभी. डबा नव्हता, जायचं कुठे तेही कोणी बोललं नव्हतं. बाबांनी आतून मागचं दार उघडलं. आईनं मुठीवरच्या त्या काळ्या दोऱ्याला हात लावला, आणि आत जाऊन बसली. गाडी देवळीच्याच रस्त्याला वळली.