सोललेलं संत्रं

बालवर्गाच्या बाईंना शाळेत सगळे पाठीमागे तडतडबाई म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. पोरांवर त्या कधी आवाज चढवत नसत. तडतड सगळी मोठ्यांसाठी राखून ठेवलेली. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई. त्यांनी परवा सांगितलं, "तुमच्या वर्गातली ती मुकी पोरगी सोमवारपासून मंद मुलांच्या वर्गात जाईल." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुकी नाहीये ती! घरची भाषा वेगळी आहे तिची."

"म्हणून तर तिच्या आईला बजावलंय, घरी ती भाषा बंद करा. दोन महिने झाले. पडला काही फरक?"

हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. पोरीची आई कपडे शिवायची. दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला मशीनवरून उठवून आणलं आणि वर्गात पाण्याच्या टबाशी बसवलं.

"ताई, विचारा तिला. काय तरंगेल, काय बुडेल? तुमच्याच भाषेत विचारा."

आई दाराकडे बघत, काही चोरत असल्यासारखी पुटपुटली. चमचा बुडाला, डब्याचं झाकण तरंगलं. पोरगी गप्पच. अख्खं संत्रंही मजेत तरंगलं. मग बाईंनी ते सोलून पाण्यात सोडलं, तर गेलं की तळाला! पोरीने ओल्या हातांनी आईचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि तिची जी टकळी सुरू झाली ती थांबेचना.

"काय म्हणतेय ती?" गलका ऐकून मोठ्या बाई दारात येऊन उभ्या होत्या.

आई धडपडत उठली. "म्हणते, सालात हवा होती. ते त्याचं पोहायचं जाकीट होतं. आपण काढून घेतलं, म्हणून बुडालं."

मोठ्या बाईंनी वाकून टबाच्या तळाशी गेलेलं संत्रं पाहिलं. "बरं, राहू दे हिला इथेच," म्हणाल्या आणि निघून गेल्या. चूक झाली, एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. जाऊ दे, पोरगी तर राहिली, म्हणून बाईंनी जिभेवर आलेलं गिळलं.

तेवढ्यात आईने त्यांचा हात धरला. खालच्या आवाजात तिने विचारलं, "बाई, मग आता घरी मी हिच्याशी बोललं तर चालेल का?"

दोन महिने ही आई घरात लेकीशी बोललीच नव्हती! बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बोला! पोटभर बोला!" म्हणत बाई उठल्या आणि ओल्या हातांनीच मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाल्या.